जळगाव ते मुंबई: अंतर किती, विमानाला वेळ किती? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगावात तिकिटं काढून देण्याच्या कामात दिवसभर फोन चालू असतो, आणि त्यातले निम्मे फोन एकाच प्रश्नाचे असतात: "भाऊ, मुंबई विमानाने किती लांब?" प्रश्न साधा वाटतो, पण विचारणारा यावलचा आहे की शहाद्याचा, त्यावर उत्तर पार बदलतं. वेळापत्रक आणि आठवड्यातले दिवस हंगामागणिक बदलतात, म्हणून ते इथे दिलेले नाहीत. तिकीट काढताना त्या दिवसाचं बघावं.

१. जळगाव ते मुंबई विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो?

एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेषेत सुमारे ३५५ किलोमीटर. तिकिटावर साधारण एक तास ते सव्वा तास लिहिलेला असतो. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून कमी, बहुतेक वेळा ५० ते ६० मिनिटं. जळगावचा विमानतळ शहरापासून सहाएक किलोमीटरवर, नशिराबादच्या बाजूला कुसुंब्याजवळ आहे. २३ मार्च २०१२ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती आणि आपल्या जिल्ह्याच्या लेक प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. नियमित प्रवासी विमान मात्र छोटी शहरं हवाई मार्गाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये आलं, तेही जेमतेम १८-१९ आसनांचं. मध्ये सेवा थांबत-सुरू होत राहिली. ७० आसनांच्या आसपासची एटीआर विमानं (बाहेर पंखे दिसणारी) इथे २०१९ मध्ये आली, आणि खंडानंतर २०२४ पासून पुन्हा येऊ लागली.

२. विमान ताशी ५०० किलोमीटर पळतं ना? मग ३५५ किलोमीटरला सव्वा तास कसा?

गणित बरोबर आहे. ३५५ भागिले ५०० म्हणजे ४३ मिनिटं. पण हा वेग विमान वर जाऊन स्थिरावलं की मिळतो. चढताना वेग कमी असतो, आणि उतरताना तर मुद्दाम कमी केलेला असतो. शिवाय तिकिटावरचा वेळ चाकं जमिनीवरून उचलल्यापासून मोजत नाहीत. विमान उभं असलेल्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसरीकडे जागेवर येऊन थांबलं की बंद होतं. याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. जळगावात धावपट्टीपर्यंत जायला दोन-चार मिनिटं पुरतात. मुंबईत उतरल्यावर जागेवर पोचायलाच दहा-पंधरा मिनिटं जाऊ शकतात. उतरायची रांग असेल तर आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, त्या वेगळ्याच.

'ब्लॉक टाइम' हा शब्द लक्षात ठेवा, विमान रद्द झालं तर त्याच्यावरच पैसे ठरतात (प्रश्न १३ पाहा).

३. एका साइटवर ३५५, दुसरीवर ३६७, तिसरीवर ४२० किलोमीटर दाखवतात. खरं कोणतं?

तिन्ही खरी, फक्त मोजायची दोन टोकं आणि वाट वेगळी. विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत ३५५. जळगाव स्टेशन ते मुंबई सीएसएमटी सरळ रेषेत काढलं तर ३६७ च्या आसपास, कारण सीएसएमटी मुंबईच्या दक्षिण टोकाला आहे आणि विमानतळ उपनगरात. ४२० हे रेल्वेचं अंतर. रस्त्याने धुळे, मालेगाव, नाशिक असं गेलं तरी योगायोगाने ४२० च्याच जवळपास भरतं.

कधी कधी १९२ असाही आकडा दिसतो आणि माणूस चक्रावतो. ते सागरी मैल असतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिक आणि विमानाचे नकाशे याच मापात चालतात.

आणि एक जुनी गल्लत. आकडा शंभरेक किलोमीटरने जास्त दिसला तर साइटने बुलढाणा जिल्ह्यातलं जळगाव जामोद धरलंय का ते बघा. नावं सारखी असल्याने कित्येक जणांची हॉटेलं आणि गाड्यासुद्धा तिकडच्या बुक झालेल्या आम्ही निस्तरल्या आहेत. विमानाच्या तिकिटात मात्र ही चूक होत नाही, कारण तिथे जळगावचा जेएलजी हा कोड चालतो.

४. विमान नक्की कोणत्या गावांवरून जातं? खिडकीतून काय दिसतं?

हा माझा आवडता प्रश्न, आणि तो बहुधा लहान मुलं विचारतात. नकाशावर जळगाव विमानतळापासून मुंबई विमानतळापर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढा. ती पाचोऱ्याच्या जवळून जाते, चाळीसगाव आणि मनमाडला जवळजवळ चाटून सिन्नरवर येते आणि कळसूबाईच्या शेजारून सह्याद्री ओलांडून खाली कोकणात उतरते. म्हणजे मनमाडपर्यंत ही रेघ आणि आपला रेल्वेचा रूळ जवळजवळ बरोबरीने चालतात. पुढे रूळ निफाड-नाशिक करत इगतपुरीला जातो आणि कसाऱ्याचा घाट उतरतो. स्टेशन ते स्टेशन सरळ रेषेतले ३६७ आणि रेल्वेचे ४२० यांच्यातले ५३ किलोमीटर या अशा वळणांत गेले.

विमान या रेघेवर काटेकोर चालत नाही. त्याला ठरलेले हवाई मार्ग आणि मुंबईच्या नियंत्रण कक्षाची सूचना पाळावी लागते. तरी दिशा हीच. एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात, म्हणून खालचं दिसायला अडथळा नाही. भाद्रपद-आश्विनात ढग विरळ झाले की हिरवा सह्याद्री आणि धरणांचं पाणी असं काही दिसतं की पहिल्यांदा बसलेला माणूस काचेवरून नाक काढत नाही. मुलांना खिडकी द्या.

५. घरातून निघून मुंबईत मुक्कामी पोचेपर्यंत खरंच वेळ वाचतो का?

जळगाव-भुसावळकडच्यांचा वाचतो, पण "एका तासात मुंबई" हे मनातून काढून टाका. जळगाव शहरातल्या माणसाचा हिशेब असा: घरून विमानतळ अर्धा तास, तिथे दीड तास आधी पोचणं, विमान सव्वा तास, उतरून बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, पुढे मुंबईच्या रहदारीत एक ते दीड तास. बेरीज पावणेपाच ते सव्वापाच तास. रेल्वेला गाडीगणिक पाच ते आठ तास. रस्त्याने, चहा-जेवणासह, आठ-नऊ तास.

पण वेळ म्हणजे फक्त बेरीज नव्हे. रात्री विदर्भ एक्सप्रेसमध्ये झोपून सकाळी मुंबईत उतरणारा माणूस दिवस वाया घालवत नाही. ज्याला सकाळी मंत्रालयात किंवा कोर्टात हजर राहायचं आहे आणि ज्याचं रिझर्व्हेशन पक्कं आहे, त्याला मी आजही रात्रीची गाडीच सांगतो. मुंबईहून पुढे दुसरं विमान पकडायचं असेल, म्हाताऱ्या माणसाला सात तास बसवत नसेल, किंवा सण-लग्नसराईत वेटिंग लिस्ट हलत नसेल, तर विमान.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी एक भर: ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग थेट आमण्यापर्यंत, म्हणजे भिवंडीजवळ, खुला आहे. छत्रपती संभाजीनगरमार्गे गेलं तर किलोमीटर वाढतात, पण कसाऱ्याच्या घाटातली कोंडी टळते.

६. मी धुळ्याचा (चाळीसगावचा, नंदुरबारचा, शिरपूरचा). मला जळगावहून विमान परवडेल का?

पैशाचं सोडा, वेळेतच परवडत नाही.

धुळ्याहून जळगाव ९५ किलोमीटर, तेही मुंबईच्या उलट दिशेला. दोन तास मागे जाऊन मग विमान पकडायचं, तेवढ्या वेळात तुम्ही मालेगाव ओलांडून पुढे गेलेले असता. धुळे ते मुंबई रस्ता सुमारे ३२५ किलोमीटर, सहा-सात तासांत होतो. दिल्ली-बंगळूरुसारख्या लांबच्या प्रवासाला धुळेकरांनी आधी नाशिकचा ओझर विमानतळ बघावा, तो मुंबई-आग्रा महामार्गावरच लागतो. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमान नाही. शिरपूरकरांनाही हाच हिशेब लागू.

चाळीसगावकरांना तर रेल्वेसारखं सुख नाही: सीएसएमटी ३२७ किलोमीटर. विमानच हवं असेल तर कन्नडचा घाट चढून संभाजीनगरचं चिकलठाणा गाठा, सुमारे शंभर किलोमीटर पडतं.

नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा इथल्यांचं तोंड सुरतेकडे. नंदुरबारहून सुरत रेल्वेने सुमारे १६० किलोमीटर, आणि सुरतेला विमानतळ आहे.

जळगावचा विमानतळ खऱ्या अर्थाने कामाचा आहे तो जळगाव, भुसावळ, यावल, सावदा, फैजपूर, रावेर, मुक्ताईनगर, जामनेर, एरंडोल, धरणगाव, चोपडा या पट्ट्याला. अमळनेर-पारोळा काठावर आहेत. तिथल्यांनी प्रश्न ५ मधला हिशेब स्वतःच्या दारापासून मांडून बघावा.

७. पुणे, गोवा, हैदराबाद किती लांब?

२०२४ पासून जळगावहून या तिन्ही ठिकाणी थेट विमान सुरू झालं. सरळ रेषेत पुणे सुमारे ३२० किलोमीटर, हैदराबाद ५१० आणि गोव्यातलं मोपा ६१०. एटीआरला पुण्यासाठी तासाभराच्या आसपास आणि हैदराबाद-गोव्यासाठी दीड तासाच्या आसपास धरा.

यात खरा फायदा पुण्याचा. पुणे हवेतून मुंबईपेक्षा जवळ, पण जमिनीवरून कटकटीचं. रेल्वे मनमाड-अहिल्यानगर-दौंड असा वळसा घेते, साधारण ४७० किलोमीटर. रस्ता अजिंठ्याच्या घाटाने संभाजीनगरमार्गे सुमारे ४०० किलोमीटर. आपल्या भागातली हजारो पोरं पुण्यात शिकायला-नोकरीला आहेत आणि दिवाळीत ट्रॅव्हल्सच्या भाड्याने त्यांचे हाल होतात. त्यांच्यासाठी हे विमान टिकायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

८. मुंबईहून येताना विमान लवकर पोचतं आणि जाताना उशीर लागतो. असं का?

दोन कारणं. पहिलं वाऱ्याचं. वरच्या हवेत हिवाळ्यात पश्चिमेकडून वारा वाहतो. जळगावला येताना तो पाठीशी, मुंबईला जाताना तोंडावर. वारा ताशी ४० किलोमीटरचा धरला तर येण्या-जाण्यात सातेक मिनिटांचा फरक पडतो. दुसरं आणि मोठं कारण मुंबईची गर्दी: तिथे मुख्य आणि आडवी अशा दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते. त्यामुळे उतरायला थांबावं लागतं. जळगावला येताना आकाश मोकळं.

९. मोठं जेट विमान जळगावला का येत नाही? ते लवकर नेईल ना?

जेट ताशी ८०० किलोमीटरच्या वर जातं, पण एवढ्या जवळच्या अंतरात ते वर चढून स्थिरावेपर्यंत उतरायची वेळ होते. वाचतील ती दहा-बारा मिनिटं. त्यातून जळगावची धावपट्टी सुमारे १७०० मीटरची, आणि दीड-पावणेदोनशे प्रवाशांचं जेट भरून उडवायला याहून बरीच लांब लागते. एटीआर आखूड धावपट्टीसाठीच घडवलेलं आहे आणि जवळच्या पल्ल्यावर इंधनही कमी खातं. पंखे दिसतात म्हणून जुनं विमान समजू नका. आत जेटसारखंच टर्बाइन इंजिन असतं आणि ते पंखा फिरवतं.

१०. मे महिन्यात कधी सामान मागे ठेवतात, कधी सीट कमी विकतात. उन्हाचा आणि विमानाचा काय संबंध?

अगदी जवळचा. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते, म्हणून उडायला धावपट्टी जास्त लागते. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २५६ मीटर उंचीवर आहे. पारा ४५ वर गेला की तिथली हवा जवळजवळ १४०० मीटर उंचीवर असावी इतकी पातळ होते. थोडक्यात, वैशाखाच्या दुपारी जळगावची धावपट्टी विमानाच्या दृष्टीने महाबळेश्वरावर जाऊन बसते. लांबी तर वाढत नाही, मग वजन कमी करावं लागतं: कधी सामान, कधी आसनं. यात कोणाची मनमानी नाही, हे वजनाचं गणित वैमानिकाला दर उड्डाणाआधी मांडावंच लागतं.

मे महिन्यात निवडायला मिळालं तर सकाळचं विमान घ्या आणि बॅग हलकी ठेवा.

११. पावसाळ्यात आणि थंडीत विमान रद्द होण्याचा धोका किती?

धोका असतो, आणि तो दोन्ही टोकांना धरून मोजायचा. जळगावात लख्ख ऊन असतं आणि मुंबईत पाऊस कोसळत असतो. अशा वेळी विमान मुंबईहून निघतच नाही, आणि तेच विमान परत जाणार असल्याने आपलंही अडकतं. हिवाळ्यात पहाटेचं धुकं तापी-वाघूरच्या पट्ट्यात असतं, ते ऊन वर आलं की विरतं. जून-जुलैत टाळता न येणारं काम असेल तर एक दिवस आधी निघा किंवा रेल्वेचं तिकीटही हाताशी ठेवा.

१२. मुंबईहून परदेशाचं विमान आहे. मध्ये किती तास ठेवू?

दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तर पुढची जबाबदारी बऱ्याच अंशी कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने चार तासांचं अंतर ठेवलं होतं. जळगावचं विमान तीन तास उशिरा सुटलं, आणि पोराचं परदेशातलं कॉलेज पाच दिवस उशिरा सुरू झालं. त्या माऊलीचा फोनवरचा आवाज मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझं सांगणं एकच: वेगळी तिकिटं असतील तर आदल्या दिवशी मुंबईत मुक्कामी जा.

टर्मिनलही बघून ठेवा. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ एकमेकांना जोडलेली नाहीत, मध्ये गाडीने जावं लागतं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर 'बीओएम' असेल तर जुना, 'एनएमआय' असेल तर उलव्याचा. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मधल्या रहदारीला किमान दोन तास वेगळे धरा.

दुबईकरांच्या आयांसाठी: मुंबईहून १० ला सुटून ११.४५ ला पोचतं म्हणजे पावणेदोन तासांचा प्रवास नव्हे. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. खरा वेळ सव्वातीन तास.

१३. विमान रद्द झालं किंवा उशीर झाला तर काय मिळतं?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. तुम्ही वेळेत चेक-इन केलं असेल आणि आपल्यासारख्या छोट्या प्रवासाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं द्यावं लागतं. सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं तुम्ही निवडायचं.

आधी न कळवता विमान रद्द केलं तर पैसे परत किंवा पर्यायी विमान, आणि वर भरपाई. ती ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंत ५००० रुपये, एक ते दोन तासांपर्यंत ७५०० रुपये, किंवा मूळ एकेरी भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. म्हणून तिकिटावर ६० मिनिटं लिहिलीत की ६५, हे बघून ठेवा. खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण किंवा सुरक्षेचं कारण असेल तर भरपाई नाही.

एक कळकळीची विनंती. तिकिटावर एजंटाचा नव्हे, तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर टाकायला लावा. संपर्काची माहिती नीट दिलेली नसेल तर भरपाईचा हक्क जातो.

१४. लेकीकडे भरिताची वांगी, केळी, मसाला नेता येतो का?

बामणोदची वांगी आणि केळी खुशाल न्या, फक्त केळी बॅगेत चिरडू नयेत म्हणून खोक्यात भरा. तिखट, काळा मसाला आणि लोणचं चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नाही. सुकं खोबरं कुठेच ठेवू नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात मोडतं. मसाला घरीच कुटून न्या. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत. वजनाची मर्यादा बहुतेक चेक-इनला १५ आणि हाताशी ७ किलो. तिकिटावरचा आकडा अंतिम.

१५. आई ७८ वर्षांची, पहिल्यांदाच बसणार. त्रास होईल का?

बहुतेकांना होत नाही. उतरताना कान दडपतात, तेव्हा गोळी चघळायला द्या, घोट घोट पाणी पाजा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, आयत्या वेळी नको. हृदयाचा किंवा दम्याचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, कारण विमानातली हवा डोंगरावरच्यासारखी थोडी विरळ असते.

१६. पेशंटला तातडीने मुंबईला हलवायचंय. विमानाने नेऊ का?

हा फोन बहुधा रात्री येतो, म्हणून स्पष्ट लिहितो. नेहमीचं प्रवासी विमान तातडीसाठी नाही. ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सुटतं. नुकतंच ऑपरेशन झालेला किंवा ऑक्सिजनवरचा रुग्ण कंपनीच्या वैद्यकीय परवानगीशिवाय घेत नाहीत, आणि त्या कागदांना वेळ लागतो. सव्वा तासाच्या प्रवासासाठी आठ-दहा तास वाट बघत बसणं म्हणजे रुग्णाचा वेळ घालवणं.

आधी १०८ ला फोन करा. मुंबईच हवी की संभाजीनगर-नाशिकला उपचार होईल, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. संभाजीनगर जळगावपासून १६० किलोमीटरवर आहे. रुग्ण स्थिर असेल, तारीख ठरलेली असेल आणि डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही असं लिहून दिलं असेल, तरच विमानाचं तिकीट काढायला या. तपासणीसाठी जाणाऱ्या अशा कित्येकांना आम्ही पुढच्या रांगेतली जागा आणि व्हीलचेअर मिळवून दिली आहे.